एक्केचाळीस वेळा ‘समजलं का?’

मी खोली क्रमांक सातमधला शेवटचा बाक बोलतोय. दारातून आत आलात की सगळ्यांत मागे, खिडकीकडच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून उभा आहे तो मी. तिथपर्यंत शिकवणारं माणूस सहसा येत नाही, म्हणून स्वतःची ओळख स्वतःच करून द्यावी लागते.

माझा जन्म याच तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये झाला. सुतारकामाच्या तीन विद्यार्थ्यांनी मला वार्षिक परीक्षेसाठी बनवलं. परीक्षकांनी मला हलवून पाहिलं, मी हललो, आणि त्यांनी मला पन्नासपैकी सव्वीस गुण दिले. माझा मागचा डावा पाय बाकीच्या तिघांपेक्षा जरा आखूड निघाला होता. चाळीसच्या वर गुण मिळवलेले बाक पहिल्या रांगेत गेले आणि मला भिंतीशी नेऊन उभं केलं. पायाखाली कागदाची घडी सारली. ती घडी अधूनमधून बदलते. आजवर माझ्या पायाखालून प्रवेश अर्ज, प्रश्नपत्रिका, एक रजेचा अर्ज आणि एक अर्धवट प्रेमपत्र गेलं आहे. सगळ्यांनी मला सारखाच आधार दिला.

तक्रार नाही. पहिल्या बाकाला शिक्षक ऐकू येतात; मला वर्ग ऐकू येतो.

शिकवणारे मी पुष्कळ पाहिले. एक सर वहीतून वाचायचे. ती वही त्यांना त्यांच्या सरांकडून मिळाली होती आणि तिच्याबरोबर एक विनोदही वारसाहक्काने आला होता. तो ते दर वर्षी त्याच धड्याला, त्याच आवाजात वाचून दाखवायचे. दुसरे एक सर पहिल्या बाकावरच्या एकाच मुलाला शिकवायचे. तो मुलगा आजारी पडला की सरांना तास घ्यायला सुचायचं नाही. आवाजाचं म्हणाल तर बहुतेकांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत नीट चालत येतो, पुढे त्याला दम लागतो.

चार वर्षांपूर्वी, सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, विभागप्रमुख एका बाईंना खोली दाखवायला घेऊन आले. बाई तिशीच्या पुढच्या, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला जड पिशवी. आधी एका ऑफिसात कारखान्यांच्या शेडचे आराखडे काढत होत्या, नऊ वर्षं. वर्गावर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

“हा वर्ग,” विभागप्रमुख म्हणाले. “बावन्न जण आहेत. विषय पदार्थांची ताकद. नाव ऐकूनच निम्म्यांची ताकद जाते.”

“माझा आवडता विषय आहे तो,” बाई म्हणाल्या.

“तुमचा असून काय उपयोग? तुम्ही त्यात पास झालात.” मग जरा घसा साफ करून म्हणाले, “हे बघा मॅडम, नेमणूक एका सत्राची आहे. पंधराव्या आठवड्यात मी स्वतः वर्गात बसणार. माझ्या अहवालावर पुढचं ठरेल. नंतर वाईट वाटायला नको म्हणून आत्ताच सांगतो.”

“आणि अहवाल बरा नसला तर?”

“तर चहा पिऊ आणि निरोप घेऊ.”

ते गेल्यावर बाईंनी नवऱ्याला फोन केला. रिकाम्या खोलीत माणसं मोठ्याने बोलतात, बाकांना कान नसतात अशी त्यांची समजूत असते. “हो, ऑफिसने खुर्ची ठेवलीय सत्र संपेपर्यंत,” त्या म्हणाल्या. “पण मला नाही रे परत जायचं. नऊ वर्षं कागदाशी बोलले. आता माणसांशी बोलून बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि फळ्याशी बोलू लागल्या.

पहिल्या तासाला मॅडमनी फळा चार वेळा भरला आणि चार वेळा पुसला. अक्षर सुरेख, आकृत्या पट्टीने काढल्यासारख्या. चेहरा मात्र आम्हाला दिसला तो दर दोन मिनिटांनी, मान वळवून “समजलं का?” असं विचारण्यापुरता. आणि वर्ग एका सुरात “होऽऽ” म्हणायचा.

या ‘हो’विषयी सांगितलं पाहिजे. वर्ग कशावर एकमताने बोलत असेल तर तो या ‘हो’वर. त्याचा अर्थ समजलं असा नसतो. त्याचा अर्थ असतो, ‘नाही म्हटलं तर तुम्ही पहिल्यापासून सुरू कराल, त्यापेक्षा पुढे चला.’ अनुभवी शिक्षकांना हे ठाऊक असतं आणि ते तसंच पुढे जातात. मॅडम नवीन होत्या. त्यांना ते खरं वाटायचं.

माझ्यावर तेव्हा तिघं बसायची. भिंतीकडे लंबू, त्याचे गुडघे माझ्या खणात मावायचे नाहीत म्हणून पाय पुढच्या बाकाखाली पसरलेले असायचे. मध्ये अध्यक्ष. त्याला कुणी निवडून दिलेलं नव्हतं, पण वर्गात काहीही ठरायचं ते त्याच्या संमतीने. आणि कडेला ताई. ताई बाकीच्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, एका कारखान्यात कामाला. सकाळची पाळी करून दुपारी वर्गात यायची, घरी दोन लहान मुलं. डोळे मिटले तर कुणाला दिसू नये म्हणून मागे बसायची.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षाने कर्कटकाच्या टोकाने माझ्या अंगावर दोन रकाने पाडले. एकावर कोरलं ‘विचारलं’, दुसऱ्यावर ‘समजलं’. मॅडमनी “समजलं का?” म्हटलं की पहिल्या रकान्यात एक रेघ. पहिल्या दिवशी एकोणीस झाल्या. दुखलं म्हणा थोडं, पण इतक्या नेमाने या वर्गात दुसरी कसलीच नोंद होत नव्हती.

मॅडमना आठवड्याभरात कळलं की काहीतरी बिनसतंय. मग एकेक उपाय सुरू झाले.

आधी आवाज वाढवला. चार दिवसांत घसा बसला. मग शिस्त आली. पाच मिनिटांनंतर दार बंद. त्याने उशिरा येणारे यायचेच थांबले, आणि वेळेवर येणाऱ्यांना आपण उगाच आलो असं वाटू लागलं. पाचव्या आठवड्यात पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात झाली. त्यासाठी दिवे मालवावे लागायचे, आणि दिवे मालवले की बावन्नपैकी तीस जण तरी मिळालेल्या अंधाराचा योग्य तो उपयोग करायचे. ताईचं डोकं तर थेट माझ्यावर टेकायचं.

सहाव्या आठवड्यात विनोद आले. लंबू वही द्यायला टेबलापाशी गेला होता, तो परत आला तो हसू दाबत. “मॅडमच्या टिपणात पेन्सिलीने लिहिलंय,” तो म्हणाला, “‘येथे विनोद’.”

“कुठल्या पानावर?” अध्यक्षाने कामाचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम त्या जागी पोचल्या, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मागच्या तीन रांगा हसल्या. मॅडम थांबल्या. टिपणाकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं, आणि विनोद न सांगताच पुढचं समीकरण लिहायला घेतलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“असं करू नये रे,” ताई म्हणाली. “केवढी मेहनत घेतात त्या.”

“घेतात ना. मी कुठे नाही म्हणतोय?” अध्यक्ष म्हणाला. “ती आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.”

सातव्या आठवड्यात चाचणी झाली. प्रश्न साधा होता. दोन टोकांना आधार दिलेल्या तुळईवर मधोमध भार ठेवला तर काय होईल, आकृतीसह लिहा. व्याख्या सगळ्यांनी फळ्यावरची लिहिली, शब्दाला शब्द. आकृतीत मात्र चाळीस जणांनी तुळई मध्यावर वर उचललेली काढली. वरून भार येतोय आणि तुळई त्याच्या स्वागताला उठून उभी राहतेय!

त्या दुपारी वर्ग सुटल्यावर मॅडम पेपरांचा गठ्ठा घेऊन मागे आल्या. पुढचा पंखा बंद पडला होता आणि माझ्या डोक्यावरचा चालू होता, एवढंच कारण. त्या माझ्यावर बसल्या, पेपर ठेवायला जागा केली आणि त्यांना रकाने दिसले.

त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सोमवार तेवीस. मंगळवार तीस. बुधवार सदतीस. गुरुवार एक्केचाळीस, आणि त्याच्यापुढे कोरलेलं, ‘नवा उच्चांक, अभिनंदन’. शेजारच्या ‘समजलं’च्या रकान्यात सगळीकडे शून्य. त्या शून्यांच्या खाली पेन्सिलीने, बाईमाणसाच्या बारीक अक्षरात, एक ओळ होती: ‘खालचं दिसत नाही.’

मॅडमनी मान वर करून फळ्याकडे पाहिलं. मग जरा डावीकडे झुकल्या, मग उजवीकडे.

तेवढ्यात मामा झाडू घेऊन आले. मामा म्हणजे आमचे शिपाई. साऱ्या तंत्रनिकेतनाचे मामा, विभागप्रमुखांचे सुद्धा. “मॅडम, तिथे नका बसू. त्या बाकाची फळी निसटते. निर्लेखनाच्या यादीत आलाय तो, मंगळवारी उचलायचाय.”

‘निर्लेखन’ म्हणजे वस्तू मोडीत काढणं, हे ज्यांनी सरकारी कपाटं जवळून पाहिलीत त्यांना सांगायला नको. आमच्यात त्याला देवाज्ञा म्हणतात.

“मामा, तुम्ही इथे बसून कधी फळा पाहिलाय?”

“मी फळा पुसतो, मॅडम. वाचत नाही.”

“या, बसा जरा. खालचा भाग दिसतो का सांगा.”

मामा संकोचत टेकले. मी कण्हलो. “टेबल दिसतंय,” ते म्हणाले. “टेबलावर तुमची पिशवी दिसतेय. पिशवी चांगली आहे.”

“उत्तर मी नेहमी खाली लिहिते. शेवटची ओळ, चौकट करून.” मॅडमचा आवाज बारीक झाला. “सात आठवडे, मामा.”

“मग ती चौकट टेबलाने पाहिली असणार.”

मॅडम हसल्या. हसता हसता चष्मा काढून पुसू लागल्या. चष्म्याला काही झालं नव्हतं. “मी जाते परत ऑफिसात,” त्या म्हणाल्या. “तिथले कागद निदान खोटं हो तरी म्हणत नाहीत.”

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. “आठ आठवडे राहिलेत ना अजून? मी अर्धी खोली झाडून घरी गेलो तर तुम्ही काय म्हणाल मला?”

आणि ते उठले. एका टोकाचं वजन गेलं, दुसऱ्या टोकाला मॅडम, मधला स्क्रू केव्हाचा ढिला. फळी त्यांच्या बाजूने खाली गेली, मामांच्या बाजूने वर आली, आणि मॅडम जमिनीवर. पेपर सगळीकडे.

“बघा, सांगत होतो,” मामा म्हणाले. असं म्हणायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नाही.

मॅडमना लागलं नव्हतं. पण त्या उठेनात. फळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोन्ही टोकं दोन बाकांच्या पायांना टेकवून त्यांनी मध्यावर तळहाताने दाबलं. मी वाकलो. मग फळी कडेवर उभी केली आणि पुन्हा दाबली. मी जागचा हललो नाही. त्यांनी पुन्हा आडवी केली, पुन्हा उभी केली. मला आयुष्यात लोकांनी बसण्यासाठी वापरलं होतं, झोपण्यासाठी वापरलं होतं, नावं कोरण्यासाठी वापरलं होतं. वाचलं कुणी नव्हतं. मॅडम मला वाचत होत्या.

“मामा, मंगळवारी उचलू नका याला.”

“यादी वर गेलीय, मॅडम.”

“जाऊ दे वर. बाक खालीच राहू दे.”

सोमवारी वर्ग आला तेव्हा टेबल कोपऱ्यात सरकवलेलं होतं. खोलीच्या मध्यावर दोन स्टुलं आणि त्यांच्यावर आडवी, माझी फळी. मॅडम फळ्यापाशी नव्हत्या. बाकांच्या मधल्या वाटेत उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात टिपणांची वही नव्हती. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं, ते मात्र दिसत होतं.

“लंबू, वजन किती तुझं?” त्यांनी विचारलं. त्याचं हे नाव त्यांना माहीत आहे हे वर्गाला तेव्हा कळलं.

“पासष्ट, मॅडम. जेवायच्या आधी.”

“हा मध्ये बसला तर फळी किती वाकेल? प्रत्येकाने आकडा लिहायचा. सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय लंबू बसणार नाही.”

कुणी ‘अजिबात नाही’ लिहिलं, कुणी ‘मोडेल’. अध्यक्षाने लिहिलं, ‘लंबू पडेल.’ पण लिहिलं प्रत्येकाने, आणि एकदा आकडा लिहिल्यावर आपलं बरोबर आलं का हे पाहायला माणसं आपोआप पुढे सरकली. पैज लागली की झोप उडते. त्याला पैसा लागत नाही.

दोन्ही टोकांना सरळ दोरा ताणला. लंबू बसला. ताईने पट्टी लावून मापलं. “चौदा मिलीमीटर.”

“वर की खाली?” मॅडमनी विचारलं.

सगळा वर्ग हसला. त्यातले चाळीस जण हसता हसता मध्येच थांबले. त्यांना आपापला पेपर आठवला.

“आता फळी उभी करा. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरा. लंबू, बस.”

“मॅडम, एक इंचाची कड आहे ती!”

“विज्ञानासाठी, लंबू.”

“मग विज्ञानाला बसवा ना.”

पण बसला, तोंड वेडंवाकडं करत. ताई वाकून पाहत होती. तिने पट्टी बाजूला ठेवली. “हलतच नाहीये, मॅडम.”

“फळी तीच, लंबू तोच,” मॅडम म्हणाल्या. “का?”

आणि गप्प राहिल्या. नव्या शिक्षकाला सगळ्यांत जड काय जातं ते मला विचारा. प्रश्न विचारून गप्प राहणं. मॅडमचे ओठ दोनदा हलले, दोनदा मिटले. अर्धं मिनिट गेलं असेल. वर्गात इतकी शांतता मी परीक्षेतही ऐकली नव्हती.

“आमच्या शेडच्या तुळया उभ्याच असतात,” ताई हळूच म्हणाली. “अकरा वर्षं त्यांच्याखाली उभी आहे मी. उंचीला जास्त आणि रुंदीला कमी. का, ते कधी मनातच आलं नाही.” मग तिने मोकळ्या हातांनी हवेत फळी धरल्यासारखं केलं. “जाडी वाढली की वाकायला जास्त त्रास होतो. उभी केली की तिची रुंदीच जाडी होते!”

त्यानंतर सूत्र आलं. त्याच दिवशी, त्याच फळ्यावर, पण वरच्या अर्ध्या भागात. माझी फळी उभी केली तर शंभरपट कमी वाकते हे बावन्न जणांनी स्वतः मांडून काढलं. मी इतका कणखर आहे हे मलाही तेव्हाच कळलं. सव्वीस गुणांचा विचार करता बरं वाटलं.

सगळं त्या दिवशी सुधारलं असं मात्र नाही. “समजलं का?” ही सवय होती, आणि सवय काही रिकाम्या हाताने जात नाही. म्हणून मॅडमनी अध्यक्षाला उभं केलं. “तुमचं रजिस्टर पाहिलं मी.”

अध्यक्षाचा चेहरा खडूसारखा झाला.

“काम नेटकं आहे. फक्त यापुढे चोरून करू नका. मी तो प्रश्न विचारला की बाकावर मूठ आपटायची. मग मी जिच्या नाहीतर ज्याच्या हातात खडू देईन त्याने शेवटचं सगळं पुन्हा समजावायचं, आणि मी तुमच्याकडे मागे येऊन बसायचं.”

असं चालू झालं. काही दिवशी छान जमायचं, काही दिवशी गोंधळ व्हायचा. कधी खडू घेतलेला मुलगा फळ्यापुढे खांबासारखा उभा राहायचा. अभ्यासक्रम एक धडा मागे पडला. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा, ज्याला सगळे ‘गुणपत्रक’ म्हणायचे, विभागप्रमुखांकडे जाऊन सांगून आला की मॅडम स्वतः शिकवतच नाहीत, मागे जाऊन बसतात.

आणि पंधरावा आठवडा आला.

विभागप्रमुख आले, सरळ मागे चालत आले आणि माझ्यावर बसले. मध्ये अध्यक्ष, पलीकडे ताई. लंबू शेजारच्या बाकावर गेला. त्यांच्याजवळ एकोणीस कलमांचा छापील कागद होता. चौथं कलम, ‘शिक्षकाचे वर्गावरील नियंत्रण’. त्याखाली त्यांनी पेनाने आधीच एक रेघ मारून ठेवली होती. गुणपत्रकाचं बोलणं लक्षात होतं त्यांच्या.

मॅडमनी सुरुवात चांगली केली. विषय होता तुळई तुटताना तडा कुठून जातो, वरून की खालून. दहा मिनिटं खडू एकदाही मोडला नाही. अकराव्या मिनिटाला त्या वळल्या आणि तोंडातून निघून गेलं, “समजलं का?”

वर्ग थिजला. अध्यक्षाची मूठ वर गेली आणि माझ्यावर अधांतरी राहिली. शेजारी साहेब, पुढ्यात चौथं कलम. मूठ हळूच खाली आली आणि आवाज न करता मांडीवर विसावली. ज्याने माझ्या अंगावर एका दिवसात एक्केचाळीस रेघा ओढल्या त्यानेच त्या दिवशी बेचाळिसावी ओढली नाही. मॅडम पुढे गेल्या असत्या तर विभागप्रमुखांना कधीच कळलं नसतं.

मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. “अध्यक्ष, रजेवर आहात का?”

“मॅडम, आज नको ना,” तो पुटपुटला.

“रजेचा अर्ज आलेला नाही.”

धप्प. आजवरचा सगळ्यांत केविलवाणा आवाज होता तो.

मॅडम मागे आल्या आणि खडू ताईपुढे धरला. ताई आजवर फळ्यापाशी गेलेली नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि गेली. मॅडम तिच्या जागी बसल्या.

“हे काय चाललंय?” विभागप्रमुखांनी दबक्या आवाजात विचारलं.

“आता माझी शिकायची पाळी आहे, सर.”

त्यांनी चौथ्या कलमापुढे काहीतरी लिहायला पेन टेकवलं.

ताईने फळा पुसायचा स्पंज उचलला. त्याच्या कडेवर खडूने उभ्या रेघा मारल्या, दोन बोटांनी दोन टोकं धरली आणि अंगठ्यांनी मध्ये दाबलं. “बघा, रेघांची वरची टोकं जवळ आली, खालची लांब गेली. वर चेंगरतंय, खाली फाटतंय. म्हणून तडा खालून.”

“प्रत्येक वेळी नाही,” गुणपत्रक म्हणाला. “बाल्कनीच्या तुळईचं काय? तिला एकच आधार असतो.”

ताई थांबली. स्पंजाकडे पाहत राहिली. वर्गही पाहत राहिला. मॅडमनी माझी कड दोन्ही हातांनी धरली होती, उठू नये म्हणून. त्यांची नखं माझ्यात रुतली. उत्तर त्यांना झोपेतही आलं असतं. पण त्या बसून राहिल्या. अहवाल लिहिणारा माणूस हाताएवढ्या अंतरावर असताना त्या बसून राहिल्या. त्यासाठी किती ताकद लागते ते मला त्यांच्या बोटांवरून कळलं.

त्या शांततेत राहवलं नाही ते विभागप्रमुखांना. “अहो, आधार कुठे आणि भार कुठे ते आधी बघा ना!”

“सर, हात वर करून बोलायचं,” लंबू सवयीने म्हणाला, आणि मग आपण कुणाला काय बोललो हे लक्षात येऊन खाली सरकला.

विभागप्रमुखांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. मग पेन खाली ठेवून त्यांनी हात वर केला.

“हं, बोला, मागचे,” ताई म्हणाली.

“आधार कुठे आहे?”

ताईने स्पंज एकाच टोकाला धरला आणि दुसऱ्या टोकावर बोट दाबलं. रेघांची वरची टोकं एकमेकांपासून लांब गेली. “वर!” ती ओरडली. “बाल्कनीत वर फाटणार! म्हणून सळ्या वरच्या बाजूला टाकायच्या!” आणि मग चार जण एकदम बोलू लागले, दोघं फळ्यापाशी गेले, गुणपत्रक मान खाली घालून भराभर लिहू लागला. तास संपल्याची घंटा झाली ती कुणाला ऐकू आली नाही. मला आली. मीही सांगितलं नाही.

वर्ग गेल्यावर विभागप्रमुखांनी माझ्यावरच बसून अहवाल लिहिला, म्हणून मला अक्षर न् अक्षर माहीत आहे. चौथ्या कलमापुढे त्यांनी लिहिलं, ‘दिसले नाही. गरजही दिसली नाही.’

“अभ्यासक्रम एक धडा मागे आहे, सर,” मॅडम स्वतःहून म्हणाल्या.

“माहीत आहे. पुढच्या सत्रात भरून काढा.”

“पुढच्या सत्रात?”

“फळ्यावर लिहून देऊ का?”

“द्या,” मॅडम म्हणाल्या. “वरच्या बाजूला द्या.”

ते गेल्यावर त्यांनी नवऱ्याला फोन लावला. “ऑफिसला म्हणावं, ती खुर्ची देऊन टाका कुणाला तरी.” बराच वेळ माझ्या फळीवरून हात फिरवत बसल्या.

माझं म्हणाल तर यादी वरून मंजूर होऊन आली. कागदोपत्री मी गेली चार वर्षं अस्तित्वात नाही. पण एकदा निर्लेखित झालेल्या वस्तूचं पुन्हा निर्लेखन करता येत नाही आणि जी वस्तू नाहीच ती उचलण्याचा हुकूम कुणी काढू शकत नाही. त्यामुळे या इमारतीत माझ्याइतकी कायमची नेमणूक दुसऱ्या कुणाची नाही.

ताई पास झाली, आता कारखान्यात तिच्या हाताखाली सहा जण आहेत. मॅडम तासाला अजून तीन-चार वेळा “समजलं का?” विचारतातच. माणूस आहेत.

आभार मानायचे तर मी त्या तीन सुतार मुलांचे मानतो. त्यांनी स्क्रू नीट पिळला असता तर फळी कधीच निसटली नसती. मामांचे मानतो. अध्यक्षाच्या कर्कटकाचेही मानतो. त्या वेळी दुखलं होतं. सगळ्यांत जास्त त्या बाईंचे, ज्या मागे येऊन बसल्या आणि जे वाचलं त्यावर रागावल्या नाहीत. तुम्ही नव्याने शिकवायला लागला असाल तर तुम्हीही एकदा मागे येऊन बसा. तुमच्याविषयी काय कोरलंय ते वाचा. फळी जरा जपून.

निरोप घेतो. आत्ता तास चालू आहे. यंदाची मुलं स्टुलांभोवती दाटीवाटीने उभी आहेत, आकडे ओरडताहेत, माझी फळी मध्यावर आहे आणि तिच्यावर कुणीतरी बसतंय. माझ्यापाशी कुणी नाही. शेवटची रांग सगळी पुढे गेली आहे.

खिडकीतून ऊन येतंय. रिकामं असणं इतकं सुखाचं असेल असं वाटलं नव्हतं.